रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे

"बाई, पोटात कोणीतरी वेणी घालतंय असं वाटतं बघा," त्या म्हणाल्या आणि मी मान खाली घालून केसपेपरवर लिहीत राहिले: 'पोटदुखी, वारंवार, जेवणानंतर वाढते, शौचानंतर उतरते.' वेणी काही कागदावर उतरली नाही. पुढे पाच-सहा वर्षे त्या केसपेपरवर मी पुष्कळ लिहिले. जे लिहायला हवे होते ते मात्र लिहिले नाही. ती हकिकत आज सांगते. कारण वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' असूनही दुखणारे एखादे पोट असणार, याची मला खात्री आहे.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी गेली सत्तावीस वर्षे माझा दवाखाना आहे. वहिनी (सारी पेठ त्यांना याच नावाने हाक मारते, मीही) पोळी-भाजीचे डबे करतात. तेव्हा त्यांचे वय चौतीस-पस्तीस असेल. पहाटे साडेचारला उठून दीडशे पोळ्या लाटणारी ही बाई दुपारी स्वतःच्या ताटावर बसायला घाबरत असे. जेवण झाले की अर्ध्या तासात बेंबीखाली डाव्या बाजूला मुरडा उठे, पोट फुगे, दोन-तीनदा संडासला जाऊन आल्यावर जरा बरे वाटे. रक्त नाही, ताप नाही, वजनात घट नाही, झोपेतून उठविणारी कळ नाही.

आमच्या भागात जुन्या पोटदुखीला एक ठरलेले नाव आहे: जुनाट आव. नाव ठरले की गोळ्याही ठरतात. वहिनींना मी आवेच्या गोळ्यांचे किती कोर्स दिले, ते मोजायला आज संकोच वाटतो. शौचाच्या तपासणीत अमीबा एकदाही सापडला नव्हता. मग सोनोग्राफी झाली, तिच्यात 'अपेंडिक्स किंचित जाड' असे शब्द आले आणि मी त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठविले. दुखत होते डावीकडे. अपेंडिक्स असते उजवीकडे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण अखेर काहीतरी सापडले याचाच आनंद मोठा होता. दोन महिने बरे गेले. मग मुरडा परत आला. पुन्हा रक्ताच्या तपासण्या, पुन्हा सोनोग्राफी, शेवटी जिल्ह्याच्या गावी जाऊन कोलोनोस्कोपी. सारे नॉर्मल. मी ते कागद एकावर एक रचून त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मनातून काढून टाका."

हे मी धीर देण्यासाठी म्हटले होते. वहिनी कागद घेऊन गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. रुग्ण येईनासा झाला की तो बरा झाला, असे समजण्याची सोयीस्कर सवय आम्हा डॉक्टरांना असते.

त्यानंतर काही वर्षांनी, माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका लग्नातल्या जेवणाने आमच्या घरातील तिघांना जुलाब-उलट्या झाल्या. दोघे चार दिवसांत उठून कामाला लागले. माझे जुलाब थांबले, ताप गेला, पण पोट पूर्वीचे राहिले नाही. सकाळचा चहा घेतला की मुरडा. दुपारच्या साध्या वरण-भाताने पोट तट्ट फुगे. रुग्ण तपासता तपासता मध्येच उठून आत जावे लागे. महिना गेला, तीन महिने गेले. पन्नाशीनंतर पोटाची सवय अशी अचानक बदलली तर कर्करोगाची शंका दूर करणे आवश्यक असते. म्हणून मीही कोलोनोस्कोपीच्या टेबलावर आडवी झाले.

संध्याकाळी दवाखाना उघडायचा होता, म्हणून झोपेचे इंजेक्शन मी नको म्हटले. आतडे नीट दिसावे यासाठी दुर्बिणीतून थोडी थोडी हवा सोडतात. ती जाऊ लागताच बेंबीखाली अशी कळ उठली की मी टेबलाची कड घट्ट धरली. तपासणी करणारा तरुण डॉक्टर थांबून म्हणाला, "मॅडम, अजून फारशी हवा सोडलेलीच नाही." त्या क्षणी मला वहिनींची वेणी आठवली. शब्द अगदी बरोबर होता.

तपासणी नॉर्मल निघाली, बायोप्सीही नॉर्मल. मला हायसे वाटले, हे खरे. पण घरी येताना गाडीत पुन्हा कळ आली आणि माझ्याच मनात प्रश्न उभा राहिला, की आता हिला काय म्हणायचे? 'मनातून काढून टाक' असे स्वतःलाच सांगून पाहिले. कळ काही हलली नाही.

मी एमबीबीएस झाले त्या काळी 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', म्हणजे आयबीएस, या विकाराला आमच्या पुस्तकात फार तर दीड पान होते आणि त्याचा सारांश 'रुग्णास आश्वस्त करावे' एवढाच. आता पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा वाचायला बसले. जे समजले ते आपल्याला सांगण्यासारखे आहे.

आतड्याचे दुखणे त्वचेच्या दुखण्यासारखे नसते. इंटर्न असताना मी पाहिलेली एक गोष्ट आठवते. मोठ्या आतड्याचा एक भाग पोटाबाहेर आणून ठेवलेला रुग्ण खाटेवर जागा होता आणि सर्जन विजेच्या तापलेल्या सुरीने ते आतडे उघडीत होते. भूल दिलेली नव्हती. रुग्ण शांतपणे नातेवाइकांशी बोलत होता. आतड्याला कापलेले कळत नाही, भाजलेले कळत नाही. त्याला कळते ते ताणणे, पिळवटणे, ओढले जाणे आणि सूज. आतड्याच्या भिंतीत पसरलेले, संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू याच भाषेत बोलतात. त्यांतील काही मानेतून खाली येणाऱ्या व्हेगस नसेच्या वाटेने मेंदूकडे जातात आणि पोट भरल्याची, मळमळीची वर्दी देतात. वेदनेची वर्दी मुख्यतः दुसऱ्या वाटेने, पाठीच्या मज्जारज्जूतून वर जाते. या वाटेवर तंतूंची दाटी कमी. थोडे तंतू मोठ्या प्रदेशाची खबर आणतात आणि मज्जारज्जूत त्वचेकडून आलेल्या तंतूंच्याच शेजारी येऊन मिळतात. म्हणून पोटात दुखते तेव्हा नेमके बोट ठेवता येत नाही. रुग्ण सारा तळहात पोटावरून फिरवितो, कधी कंबर दुखते म्हणतो, कधी पाठ.

हे तंतू एरवी फारशी गडबड करीत नाहीत. जेवण पुढे सरकते, वायू होतो, आतडे आकुंचन पावते, आणि याची खबर आपल्यापर्यंत पोहोचतही नाही. प्रश्न निर्माण होतो तो या तंतूंचा उंबरठा खाली येतो तेव्हा. १९७३ साली रिची या ब्रिटिश संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात एक लहान फुगा सरकवून तो हवेने फुगवायचा आणि कधी दुखते ते विचारायचे. ६० मिलिलिटर हवेने निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखले. आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, हवा तेवढीच. हा आकडा मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. वहिनींच्या तपासण्यांचे कागद हातात होते त्याच्या कितीतरी आधी, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा, हे छापून आले होते. या रुग्णांतील सर्वांचेच आतडे इतके हळवे असते असे नाही, हे त्याच आकड्यांतून दिसते. काहींचा त्रास आतड्याच्या हालचालीतून अधिक येतो. पण ज्यांचे मुख्य दुखणे कळ हेच आहे, त्यांच्या बाबतीत या तंतूंना वगळून बोलता येत नाही.

उंबरठा खाली का येतो? एक कारण माझ्या स्वतःच्या पोटाने दाखविले: जंतुसंसर्ग. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन नावाच्या लहान गावाचे पिण्याचे पाणी जंतूंनी दूषित झाले आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तेथील लोकांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला, तेव्हा जुलाब होऊन बरे झालेल्यांत आयबीएसचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. जंतू गेलेले असतात, सूजही डोळ्यांना दिसत नाही, पण तंतू मात्र जागेच राहतात. आतड्यात असेही काही तंतू असतात जे एरवी ताणाला दाद देत नाहीत. सूज आली की ते जागे होतात. त्यांना पुन्हा झोपी जायला कधी महिने लागतात, कधी वर्षे.

इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी २००४ साली आणखी एक दुवा दाखविला. आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी मज्जातंतूंना खेटून बसलेल्या होत्या, आणि ही जवळीक जितकी अधिक तितके पोटाचे दुखणे अधिक. मास्ट पेशी म्हणजे ज्यांच्यातून हिस्टामिन सुटते त्या. अंगावर पित्त उठते तेव्हा खाज आणणाऱ्या. आता लक्षात घ्या, नेहमीच्या बायोप्सीत या पेशी आणि तंतू यांच्यामधले अंतर कोणी मोजत नाही. म्हणजे तपासणी 'नॉर्मल' होती याचा अर्थ एवढाच, की जे शोधले ते सापडले नाही.

हिस्टामिन तंतूंचे काय करते? इथे मिरचीकडे वळावे लागते. मिरचीचा तिखटपणा जिभेला कळतो तो चवीने नव्हे, वेदनेच्या तंतूंवरील एका प्रथिनामुळे. टीआरपीव्ही-१ हे त्याचे नाव. तेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही ओळखते. म्हणून तर तिखट खाल्ले की तोंड 'भाजते'. ते १९९७ साली शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ताण व दाब ओळखणारी प्रथिने शोधणारे आर्डेम पातापूटियन त्यांचे सहमानकरी होते. टीआरपीव्ही-१ आतड्यातील तंतूंवरही असते. हिस्टामिनने ते अधिक हळवे होते, मग एरवी ज्याची दखल घेतली नसती अशा गोष्टीलाही तंतू ओरडून उठतात. त्याच २०२१ साली बेल्जियममधील लुवेन येथील संशोधकांनी उंदरांवर दाखविले, की आतड्याचा जंतुसंसर्ग चालू असताना पोटात आलेल्या एखाद्या निरुपद्रवी अन्नघटकालाही शरीर शत्रू समजू लागते. पुढे जंतू गेल्यावरही तो घटक आला की आतड्यापुरती मास्ट पेशींची धावपळ होते आणि कळ उठते. काही थोड्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोयाबीन यांचे अंश टोचून पाहिले, तेव्हा त्यांच्यातही तशी प्रतिक्रिया आढळली. रुग्ण मोजके होते, तेव्हा एवढ्यावरून घरातला गहू बाहेर फेकू नका. पण 'जेवले की दुखते' म्हणणारी बाई खोटे बोलत नाही, एवढे तरी त्यातून निघते.

आणि मन? मनाचा संबंध नाही असे मी म्हणणार नाही. मराठीने तो कधीच ओळखला आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, चिंतेने पोटात कालवते. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे तंतू वेदनेला लगाम घालीत असतात. काळजी, अपुरी झोप, सतत दुखण्याची धास्ती यांनी तो लगाम सैल पडतो. पण हे सारे घडते ते खऱ्या तंतूंत, खऱ्या रसायनांनी. 'ताणाने वाढते' आणि 'मनाचे खेळ आहेत' ही दोन वाक्ये एक नव्हेत. मी वहिनींना दुसरे वाक्य ऐकविले होते.

बरी होत आल्यावर मी त्यांना आठवडी बाजारात गाठले. मेथीच्या जुड्या निवडीत होत्या. पोटाचे विचारले तर म्हणाल्या, "आहे की तसंच. आता बोलत नाही कुणापाशी." मी दवाखान्यात या म्हटले. तीन आठवड्यांनी आल्या, तेव्हा मधल्या वर्षांत काय झाले ते समजले. पोट दुखते म्हणून आडव्या झाल्या, की घरात ऐकू येई, "डॉक्टरबाईच म्हणाल्यात काही झालेलं नाही." माझे वाक्य घरात त्यांच्याविरुद्ध साक्ष म्हणून उभे राहिले होते. सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या. एसटीत चार तास संडासाविना कसे काढायचे, हे कोणाला सांगणार?

मी प्रथम सारे नव्याने तपासले. रक्तक्षय, वजन, थायरॉइड, गव्हाच्या सीलियाक आजाराची रक्ततपासणी. हे आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठविणारे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग. यांपैकी काहीही असेल तर आयबीएस म्हणून घरी बसू नये. आपल्या देशात आतड्याचा क्षयही अजून आहे. यांतले काही नसेल, दुखणे गेले तीन महिने आठवड्यातून निदान एकदा येत असेल, शौचाशी त्याचा संबंध असेल, शौचाची वेळ वा स्वरूप बदललेले असेल आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर २०१६ सालच्या 'रोम-४' निकषांनुसार हे निदान ठामपणे करता येते. सारे नॉर्मल निघाले म्हणून उरलेले नाव, असे ते नाही.

मग मी त्यांना विचारले, "वहिनी, तव्याचा चटका बसलेलं बोट कोमट पाण्यात घातलं तर?"

"झोंबतं की."

"पाणी गरम असतं का?"

"नाही. बोट हुळहुळं झालेलं असतं." आणि मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढचे मला फारसे समजवावे लागले नाही.

उपचारांत जादू नव्हती. गव्हाच्या कोंड्याने पोट उलट फुगते, म्हणून तो बंद करून इसबगोल, थोड्यापासून सुरू करून. कांदा, लसूण, गहू आणि दूध महिनाभर कमी करून मग एकेक परत आणून पाहिले. त्यांना कांदा बाधतो, गहू नाही. (डबे करणाऱ्या बाईला कांदा सोड म्हणणे सोपे आहे, रोज तीन किलो चिरायचाच असतो.) पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल काहींना उपयोगी पडतात, वहिनींना छातीत जळजळ झाली. शेवटी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी. हे औषध नैराश्यासाठी प्रसिद्ध आहे, पण इतक्या अल्प मात्रेत ते वेदनेच्या वाटेवर काम करते. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'अ‍ॅटलांटिस' अभ्यासात इंग्लंडमधील ४६३ रुग्णांना माझ्यासारख्याच सामान्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली १० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत हे औषध वा तसेच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. सहा महिन्यांनी औषधाच्या गटाचा त्रास अधिक कमी झाला होता. तोंड कोरडे पडते, सकाळी झापड राहते. काचबिंदू, हृदयाचे ठोके अनियमित असणे किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडणे असेल तर ते चालत नाही. तेव्हा दुकानातून परस्पर आणू नका. औषध सुरू करताना मी वहिनींना आधीच सांगितले, की चिठ्ठी पाहून कोणी 'डोक्याची गोळी' म्हणेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

माझे पोट आठ-नऊ महिन्यांत बहुतेक शांत झाले. वहिनींचे अजून नाही. रोजचे दुखणे आठवड्यातून एक-दोन दिवसांवर आले आहे, आणि त्या दिवशी आडव्या झाल्या तरी कोणी काही बोलत नाही.

कोणी बोलत नाही याचे कारण, त्या गोळीची चिठ्ठी घेऊन त्यांचे यजमान खरोखरच आले. त्यांनाही बोटाची आणि तव्याची गोष्ट सांगितली, फुग्याचा प्रयोग सांगितला. गृहस्थ कमी बोलणारे. सारे ऐकून घेतले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारले, "म्हणजे बाई, मग ते अपेंडिक्स काढलं, ते?"

वहिनी खिडकीकडे बघत होत्या.

"ते काढायला नको होतं," मी म्हणाले. "मी पाठवायला नको होतं."

ते काही वेळ गप्प बसले. मग वहिनीच उठल्या. साडेअकरा वाजले होते, डबे न्यायला पोरगा येणार होता.